नवगाव ते दासगाव

दरवर्षी २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनी, महाडला जाण्याचा आमचा जुना नेम आहे. एरवी आम्ही एस.टी. पकडतो आणि वडखळ, कोलाड, माणगाव करीत, महामार्गाचे खड्डे मोजत क्रांतिभूमी गाठतो. २०२२ साली मात्र मनात आले की, बाबासाहेब ज्या वाटेने गेले त्या वाटेने एकदा मुलांना न्यावे. ती वाट समुद्राची. मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबरची परिषद ठरली, तेव्हा धरमतरहून महाडला जाणारे मोटारवाले आपल्या लोकांना गाडीत घेतील याचा भरवसा नव्हता. म्हणून २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दोनशेच्या वर मंडळींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, रात्री हरिहरेश्वरला थांबले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीने दासगाव बंदराला लागले. तिथून मंडळी महाडपर्यंत पायी.

आता पद्मावती नाही आणि ती बोटसेवाही नाही. तेव्हा जमेल तितकी किनाऱ्याची वाट धरायची असे ठरवून आम्ही तीन कुटुंबे, लहानमोठी अकरा माणसे, शुक्रवारी २३ तारखेला सकाळी भाऊच्या धक्क्यावर जमलो. मुलांची शाळा एक दिवस बुडाली. शिक्षणावर लिहायला बसलेल्या माणसाने हे आधीच कबूल केलेले बरे.

धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. पोटात मोटारगाड्या, वर माणसे. आमच्या बाकासमोर एक कुटुंब बसले होते. चारेक वर्षांचा गोरापान मुलगा, हातात टॅब्लेट, आणि त्याला चमच्याने भरवायला एक मुलगी. ती मुलगी आमच्या कन्येच्याच वयाची असावी, फार तर एक वर्षाने मोठी. मुलगा तोंड फिरवी, ती पुन्हा चमचा नेई. आमची कन्या नववीत आहे. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "पप्पा, श्रीमंत देशांतली सगळी मुलं या बाळासारखी असतात का? आणि गरीब देशातली हिच्यासारखी?"

आम्ही सवयीप्रमाणे भाषण सुरू केले. जागतिक विषमता, भांडवलशाही वगैरे. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तिने साधं विचारलंय." आम्ही गप्प बसलो. या प्रश्नाला साधे उत्तर त्या तीन दिवसांत जेवढे सापडले तेवढे इथे लिहीत आहोत.

मांडव्याला उतरून मिनीडोअर केली. सासवणे, आवास, झिराड ही नावे मुंबईच्या बड्या लोकांच्या तोंडी आता सारखी असतात, कारण त्यांचे बंगले इथे आहेत. जांभ्या दगडाच्या उंच भिंती, आत नारळी-पोफळीची वाडी, पोहायचा तलाव, आणि फाटकाजवळ रखवालदाराची एक खोली. त्या खोलीबाहेर दोन लहानगी उकिडवी बसून काहीतरी खेळत होती. मिनीडोअर वळली आणि ती मागे पडली. ज्या अंतरासाठी आपण परदेशाचे नाव घेतो ते अंतर इथे फाटकापासून व्हरांड्यापर्यंतचे.

नवगावला उतरलो. किहीमच्या पुढचे, थळच्या अलीकडचे हे गाव. इथे समुद्राजवळ ज्यू लोकांची पुरातन दफनभूमी आहे. बेने इस्रायल समाजाची अशी परंपरागत समजूत आहे की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना इथेच पुरले. ही गोष्ट किती शतकांपूर्वीची याबद्दल जाणकारांत एकमत नाही. वाचलेल्या माणसांनी या भागात घाणे चालवले, तेल गाळले. शनिवारी धर्माप्रमाणे काम बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. गावांवरून आडनावे पडली. नवगावकर, किहीमचे केहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. आपल्या जातिव्यवस्थेची कमाल पाहा, समुद्रातून भिजून वर आलेल्या माणसांनाही तिने एक खाना नेमून दिला. पुढे त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग पडले, आणि गोरे काळ्यांशी रोटीबेटी करीत ना. ही बाधा कुणालाही होते.

त्या दफनभूमीजवळ आमच्या आधी एक कुटुंब आलेले होते. आमचा मुलगा, पाचवीतला, मोठ्याने ओरडला, "पप्पा, इकडे या, इथे बघा!" त्यासरशी त्या कुटुंबातली पांढऱ्या केसांची, पँट आणि स्वेटर घातलेली बाई वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मराठी का तुम्ही? कुठले?"

"मुंबईचे. मूळ महाड तालुक्यातले."

"मी अलिबागची. इस्रायल आळीतली. आता बीरशेबाला असते." मग थोडे थांबून, जुन्या सवयीने, "कोण तुम्ही?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आम्ही म्हणालो, "बौद्ध. जयभीमवाले."

"म्हणजे बाबासाहेबांचे," ती म्हणाली, आणि तिथेच दगडावर बसली.

मावशींचा जन्म १९५५ चा. वडील मुंबईत गिरणीत साचेखात्यात. (हे ऐकताना आम्हांला आमचे आजोबा आठवले. तेही गिरणीत होते, पण साचेखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपला स्पर्श झालेला धागा इतरांना चालत नसे.) बायकामुले अलिबागला. मावशी तिसरीपर्यंत अलिबागच्या मराठी शाळेत शिकल्या, आणि १९६४ साली, नऊ वर्षांच्या असताना, सगळे कुटुंब इस्रायलला गेले. त्यांना वसवले दिमोना नावाच्या गावात, वाळवंटात.

"चहूकडे वाळू. समुद्र नाही, बोंबील नाही, नारळ नाही. आई आठवडाभर रडत होती. वडलांना काम मिळालं तेही कापडाच्या गिरणीतच. आम्ही म्हटलं, एवढ्या लांब आलो ते पुन्हा गिरणीसाठीच का?"

"मग फरक काय पडला, मावशी?" आम्ही विचारले.

त्यांनी विचार केला. "अलिबागला माझ्या वर्गात कोळ्यांच्या मुली होत्या. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा त्या शाळेत. नारळी पौर्णिमा झाली, मासळी सुरू झाली, की एकेक गायब. कुणी विचारायला जात नसे. मास्तर हजेरी घेताना नाव वाचायचे आणि पुढे जायचे. तिकडे गेलो तर दुसऱ्याच दिवशी घरी एक बाई आली. मुलं किती, वयं काय, सगळं लिहून घेतलं. फी नाही. दोन दिवस नाही गेले तर परत ती बाई दारात. पाठवलं नाही तर बापाला दंड. वडील म्हणायचे, इथलं सरकार पोरांच्या मागेच लागलेलं आहे."

आमच्या सौ. अंगणवाडी सेविका आहेत. त्यांनी विचारले, "आणि अगदी लहान बाळांचं?" तेव्हा कळले की, तिकडे मोहल्ल्या-मोहल्ल्यात 'तिपत हलाव' म्हणून केंद्रे असतात. त्याचा अर्थ दुधाचा थेंब. मावशींची आई धाकट्याला घेऊन तिथे जाई, तो काट्यावर ठेवला जाई, वजन कार्डावर लिहिले जाई, सुई टोचली जाई. सौ. हसल्या. "आम्ही पण हेच करतो." आपल्याकडची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिचेही काम हेच. फक्त मावशींनी विचारले, "तुम्हाला पगार किती?" आणि सौ.नी सांगितले की, याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यावर वेगळा लेख होईल.

सर्व गोड होते असे मात्र मावशी म्हणाल्या नाहीत. शाळेत त्यांना काळी म्हणून चिडवत. त्या गेल्या त्याच सुमारास तिकडच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह लावण्याआधी त्यांच्या वंशाची चौकशी करावी असा फतवा काढला होता. म्हणजे हजारो मैल दूर जाऊनही 'कोण तुम्ही?' हा प्रश्न सुटला नाही. पण हे लोक गप्प बसले नाहीत. १९६४ मध्ये जेरुसलेमला निदर्शने झाली, संसदेत ठराव झाला आणि तो फतवा मागे घ्यावा लागला. त्याआधी १९५२ मध्ये तर काही कुटुंबे तिकडच्या वागणुकीला कंटाळून धरणे धरून भारतात परत आली होती. मावशी म्हणाल्या, "शाळा मिळाली, मान मागावा लागला." मग आमच्याकडे बघून, "तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

एवढ्यात त्यांचा दहा वर्षांचा नातू आणि आमचा मुलगा शिंपले गोळा करू लागले होते. त्याला मराठीचा गंध नाही, आमच्याला हिब्रूचा. पण शिंपले मोजायला भाषा लागत नाही. त्यांच्या शाळांना हनुक्का सणाची सुट्टी होती, म्हणून आजीने नातवाला आपले गाव दाखवायला आणले होते. मावशींनी डबा काढून आम्हा सर्वांना मलिदा दिला. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची. आपल्याकडच्या गोड पोह्यांची सख्खी बहीण.

आमच्या कन्येने विचारले, "आजी, तुम्हाला अजून नाती आहेत?" मावशी म्हणाल्या, "एक मोठी आहे, अठरा वर्षांची. ती सैन्यात आहे. आमच्याकडे अठरा पूर्ण झालं की मुलगा असो, मुलगी असो, जावंच लागतं." कन्या नंतर मिनीडोअरमध्ये म्हणाली, "म्हणजे त्यांचं लहानपण कुठल्या तारखेला संपतं ते ठरलेलं आहे." रो-रोवरच्या त्या मुलीचे कुठल्या तारखेला संपले असेल, हे तिने विचारले नाही, पण आमच्या मनात आले.

दुपारनंतर मावशी घाई करू लागल्या. सूर्य मावळला की त्यांचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, सुरू होतो. त्याआधी अलिबागला पोहोचायला हवे. आम्ही एकमेकांचे फोन नंबर घेतले. संध्याकाळी अलिबागला इस्रायल आळीतून जाताना 'मागेन आबोथ' सिनेगॉगचे दिवे बाहेरून पाहिले आणि पुढे समुद्रावर कुलाबा किल्ला बघायला गेलो.

रात्री लॉजवर झोप लागेना, तेव्हा एक हिशेब मनात मांडला. कारकुनाला हिशेबाची खोड असते. इस्रायल हा देश १९४८ साली जन्मला. तेव्हा तो श्रीमंत नव्हता, रेशनवर होता, तंबूंत माणसे राहत होती. दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्याने सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला. आपली राज्यघटना १९५० ची. बाबासाहेबांच्या त्या घटनेत कलम ४५ ने सांगितले होते की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. दहा वर्षे १९६० ला भरली. मग २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१ अ आले, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० ला तो लागू झाला. दहा वर्षांच्या कामाला साठ वर्षे. मधल्या काळात या किनाऱ्यावर किती कोळ्यांच्या, कातकऱ्यांच्या, आपल्या मुली हजेरीपटावरून गायब झाल्या असतील!

शनिवारचा प्रवास फार वर्णन करीत नाही. रेवदंडा, कोर्लई, मुरूड, जंजिऱ्याचे दूरदर्शन. आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी, मग श्रीवर्धन, आणि अंधार पडता पडता हरिहरेश्वर. देवदर्शनाला येणाऱ्यांची गर्दी होती. आम्ही त्यासाठी आलो नव्हतो, पण जिथे २४ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेब थांबले तिथे त्याच रात्री आपणही थांबावे एवढी हौस होती. एका घरगुती खानावळीत दोन खोल्या मिळाल्या.

जेवण झाल्यावर अंगणात गप्पा रंगल्या. आमच्यातला एक मित्र बेस्टमध्ये आहे, रोखठोक बोलणारा. तो म्हणाला, "सगळं खरं, पण देशच गरीब, तर पोरांचं बालपण श्रीमंत कुठून आणायचं? आधी पैसा येऊ दे." यावर दुसऱ्या मित्राने त्याला अडवले. त्याने श्रीलंकेची धम्मयात्रा केली आहे. म्हणाला, "अनुराधपूरला सकाळी रस्त्यावर बघ, पांढऱ्या गणवेशातली पोरंच पोरं. खेड्यात पण तेच. तो देश काय अमेरिका आहे?" त्याचे म्हणणे खरे आहे. श्रीलंकेत कन्नंगरा नावाच्या शिक्षणमंत्र्यांनी १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत केले, तेव्हा तो देश स्वतंत्रही झालेला नव्हता. सरकार मुलांना पुस्तके देते, गणवेशाचे कापड देते. अलीकडे त्या देशाची आर्थिक घडी मोडली, २०२२ मध्ये तर पेट्रोलसाठी रांगा लागल्या, तरी बालमृत्यू आपल्यापेक्षा तिथे कितीतरी कमी आणि साक्षरता कितीतरी जास्त.

आम्ही विलायतेचे उदाहरण जोडले. ज्या इंग्लंडला आपण श्रीमंत म्हणतो तिथे एके काळी गिरण्यांत पाच-सहा वर्षांची पोरे राबत. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत बंदी आली. १८७० ला शाळांचा कायदा झाला, १८८० ला शाळा सक्तीची झाली. जपानने १८७२ सालीच सर्वांसाठी शाळांचा हुकूम काढला, तेव्हा जपान गरीबच होता. आणि याच इंग्रजांनी आपल्याकडे १८८१ चा फॅक्टरी कायदा केला तेव्हा वयाची अट किती ठेवली? सात वर्षे! आपल्या देशात सात वर्षांचे पोर गिरणीला चालत होते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली तेव्हाचे हे चित्र.

बेस्टवाला मित्र म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं, शाळा आधी आणि श्रीमंती मागून?"

"तसंच काहीसं," आम्ही म्हणालो. वाद जिंकल्याचा थोडा आनंदही झाला होता.

त्याच वेळी एक मुलगा ट्रेमध्ये चहा घेऊन आला. हाफ पँट, अंगापेक्षा मोठा शर्ट, हात धुण्याच्या पावडरीने पांढरे पडलेले. एकेकाला कप देत तो फिरला. आम्ही कप घेतला आणि बोलत राहिलो. अर्धा चहा प्यालो तेव्हा कन्येचा आवाज आला, "तुझं वय काय?" मुलगा बोलला नाही. आतून मालक म्हणाले, "सोळा पूर्ण आहेत ताई, दिसतो लहान."

मुलगा आत गेला. कन्या आमच्याकडे बघत होती. शाळेच्या भिंतीवर १०९८ हा नंबर लिहिलेला असतो, तो तिला पाठ आहे. ती म्हणाली, "पप्पा, तो माझ्यापेक्षा लहान आहे. तुम्ही इंग्लंडचं सांगत होतात आणि चहा पीत होतात."

वाचक बंधू-भगिनींनो, वीस वर्षे चळवळीत काम करून, बालमजुरीवर मंडळात चार वेळा बोलून, आम्ही तो चहा प्यालो होतो. १९८६ चा कायदा आम्हांला ठाऊक आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मुलाला, घरच्या कामात शाळा सांभाळून केलेली मदत वगैरे सोडता, कुठेही कामावर ठेवता येत नाही, हेही ठाऊक आहे. कलम २४ तोंडपाठ आहे. तरी कप दिसला, हात दिसला नाही.

आम्ही फोन काढला. पण सौ. म्हणाल्या, "थांबा जरा," आणि मागच्या अंगणात गेल्या. तिथे मुलाची आई भांडी घासत होती. सौ. तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनीही दोन पातेली घासली. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा सगळा प्रकार कळला. आई कातकरी, वाडी डोंगराच्या बाजूला. मुलगा तेराचा. वाडीखालच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झाला. "साळंत होता तंवर भात तरी मिळत व्हता दुपारचा," ती म्हणाली. आठवीची शाळा लांब. एस.टी.चा पास मिळतो, पण एस.टी.च वेळेवर येत नाही. आली नाही की चालत, चाललो की उशीर, उशीर झाला की बोलणी. दिवाळीनंतर तो गेलाच नाही. कुणी विचारायला आले का? नाही. "फोन करू नका ताई," ती म्हणाली. "माजं बी काम जाईल. त्याला मी इथं आनला, मालकानं नाय."

नियमाप्रमाणे आठवीपर्यंतची शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी, नसेल तर मुलाला नेण्या-आणण्याची सोय हवी. अलिबागच्या मावशींच्या दारात दुसऱ्या दिवशी आलेली ती बाई आम्हांला आठवली. या मुलाच्या दारात ती आली नाही, एवढाच काय तो दोन देशांतला फरक. फोन करावा की करू नये यावर आमच्यात मध्यरात्रीपर्यंत वाद झाला. शेवटी सौ. आणि कन्या दोघींनी मिळून ठरवले की, मुलाला आधी जागा शोधायची, आणि महिन्याभरात ती मिळाली नाही तर फोन करायचाच. हे बरोबर होते की नाही, आम्ही आजही ठामपणे सांगू शकत नाही. सकाळी निघताना आईचा नंबर घेतला.

रविवारी म्हसळा, गोरेगाव करीत लोणेरेला आलो. इथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेले. मुलांना उतरवून फाटक दाखवले. मग दासगाव.

दासगावचे बंदर आता नावाचे. सावित्रीचे पाणी, खारफुटी, दोन-चार होड्या. २५ डिसेंबर १९२७ ला दुपारी इथे तीन हजार माणसे बाबासाहेबांची वाट पाहत उभी होती असे सांगितले तर मुलांना खरे वाटेना. याच दासगावच्या परिसरात कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे यांचे लहानपण गेले. जन्म १९०३ चा. अकराव्या वर्षी त्यांनी अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. आम्ही दोन दिवस मिनीडोअर, जेटी आणि एस.टी. करीत आलो ते अंतर त्या पोराने तेव्हा कसे कापले असेल! इतके करूनही महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, आणि पुढे धडपड करून तो मिळाला तेव्हा इतरांपासून वेगळे बसावे लागले. तोच मुलगा मोठा होऊन १९२७ ची महाडची परिषद भरवण्यात पुढे होता.

त्या वर्षीची एक तारीख आपल्या सभांतून फारशी ऐकू येत नाही. १२ मार्च १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आठ दिवस उरले असताना बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. त्यांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात, त्यांतली चौथीपर्यंत पोहोचतात फक्त अठरा. या गतीने सर्व मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि सर्व मुली यायला तीनशे वर्षे. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते, आणि दारूच्या अबकारी उत्पन्नातून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करते. जे लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे. आठ दिवसांनी ते तळ्यावर गेले, आणि त्या परिषदेच्या ठरावांत पाण्याबरोबर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण होते आणि विद्यार्थी वसतिगृहांना मदत होती. वसतिगृहाचे त्यांना पक्के माहीत होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ सालीच सोलापूरला वसतिगृह काढले होते. लांबच्या शाळेवर उत्तर काय, हे शंभर वर्षांपूर्वी सापडलेले होते.

महाडला क्रांतिस्तंभाजवळ नेहमीप्रमाणे गर्दी. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांनी पाणी ओंजळीत घेतले. पुस्तकांच्या दुकानांतून दोन पुस्तके घेतली आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतलो.

महिन्याभरात जागा मिळाली नाही. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात दोन खेपा झाल्या, तिथल्या एका भल्या माणसाने अर्ज नीट लिहवून घेतला. कन्या दर रविवारी विचारी, "महिना झाला. फोन?" मार्चमध्ये कळले की, जूनपासून आश्रमशाळेत आठवीला जागा आहे. तो २०२३ च्या जूनमध्ये दाखल झाला. गणपतीला घरी आला तो परत जाईना, म्हणाला तिथे मासे मिळत नाहीत. आईने स्वतः नेऊन सोडले आणि त्या दिवसाची मजुरी बुडवली.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला मावशींच्या देशावर हल्ला झाला. तिथली लहान मुले मारली गेली, काहींना ओलीस धरून नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो मुले मारली गेली. बीरशेबापासून गाझा चाळीसेक किलोमीटरवर. दुधाचा थेंब देणारा, गैरहजर मुलाच्या दारात माणूस पाठवणारा कायदा त्या कुंपणाशी थांबतो. आम्ही मावशींना निरोप पाठवला. तीन दिवसांनी त्यांचा आवाज आला. शाळा बंद आहे, भोंगा वाजला की नातवाला घेऊन आतल्या पक्क्या खोलीत बसते, मोठ्या नातीचा फोन लागत नाही. मग त्या म्हणाल्या, "कुठलंच पोर मरू नये हो. इकडचं नाही, तिकडचं नाही." आठवड्याने नातीचा फोन लागला असे त्यांनी कळवले.

मागे आश्रमशाळेतला मुलगा मुंबईला आमच्याकडे दोन दिवस आला होता. आता त्याची उंची आमच्या कन्येएवढी झाली आहे. आमच्या मुलाने त्याला नवगावच्या शिंपल्यांचा डबा दाखवला आणि त्यातले निम्मे एका इस्रायलच्या मुलाकडे आहेत असे सांगितले. त्याने एक शिंपला उचलून नीट पाहिला. "ह्याला तिसऱ्या म्हनतात," तो म्हणाला. "ह्या खायच्या असतात, डब्यात कशाला ठेवल्यास?"